देखरेखीची खुर्ची मंत्र्यांची नको

१४ ऑक्टोबर २०१० रोजी ब्रिटनच्या नव्या आघाडी सरकारने एक यादी जाहीर केली. सरकारी पैशावर किंवा कायद्याने दिलेल्या अधिकारावर चालणाऱ्या, पण थेट मंत्र्यांच्या खात्यात न मोडणाऱ्या ९०१ संस्था त्या सरकारने तपासल्या होत्या. त्यांपैकी १९२ बंद करायच्या, असे ठरले. देश मंदीतून सावरत होता, तिजोरीत खड्डा होता आणि या संस्था म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी, असे वातावरण तयार झाले होते.

या यादीत दोन अगदी वेगळ्या संस्था शेजारी शेजारी होत्या. एक, मानवी भ्रूणावरचे उपचार आणि संशोधन यांवर देखरेख करणारे ‘ह्युमन फर्टिलायझेशन अँड एम्ब्रिऑलॉजी अथॉरिटी’ हे प्राधिकरण. दुसरी, मागे पडलेल्या प्रदेशांना विकासाचा निधी देणारी प्रादेशिक विकास मंडळे, म्हणजे ‘रीजनल डेव्हलपमेंट एजन्सी’. पहिली संस्था वाचली. दुसरी २०१२ साली बंद झाली. त्यानंतर जे झाले, ते महाराष्ट्रातल्या आपण सगळ्यांनी नीट वाचावे असे आहे.

ब्रिटनचे जुने प्रकरण आज आपल्या मासिकात कशाला, असे कोणी विचारेल. कारण हेच दोन विषय आपल्या दारातही आले आहेत. ३० एप्रिल २०२० रोजी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत संपली. २५ जानेवारी २०२२ पासून टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांवर आणि भ्रूणांच्या वापरावर देखरेख करणारा केंद्रीय कायदा लागू झाला. एकीकडे देखरेख गेली, दुसरीकडे आली. दोन्हीकडे किल्ली मात्र सरकारच्याच खिशात आहे. मी मूळची परभणीची, नोकरीसाठी पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करते. या दोन्ही गोष्टी माझ्या घरापर्यंत पोचलेल्या आहेत, म्हणून हा अग्रलेख.

भ्रूणावरची देखरेख कशी उभी राहिली

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम या गावात लुईस ब्राउन जन्मली. शरीराबाहेर गर्भधारणा करून जन्मलेले ते जगातले पहिले मूल. आनंदाबरोबर भीतीही पसरली. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत तयार होणारे भ्रूण कोणाच्या मालकीचे? उरलेल्यांचे काय करायचे? त्यांवर प्रयोग करावेत का आणि किती दिवसांपर्यंत?

ब्रिटनने १९८२ साली एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईंकडे दिले. १९८४ च्या अहवालात समितीने सांगितले की भ्रूणावर संशोधन करता येईल, पण १४ दिवसांच्या पुढे नाही. त्या सुमारास भ्रूणात शरीराच्या कण्याची पहिली रेघ उमटू लागते, आणि एका भ्रूणाची जुळी होण्याची शक्यता तिथे संपते. दिवस मोजता येतात. त्यामुळे नियम पाळला की मोडला याचा वाद उरत नाही. पुढे १९९० साली कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९९१ पासून प्राधिकरण सुरू झाले. परवान्याशिवाय भ्रूण तयार करणे, साठवणे किंवा त्यावर संशोधन करणे हा गुन्हा ठरला.

या कायद्यात एक कलम मला सर्वात महत्त्वाचे वाटते. प्राधिकरणाचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष डॉक्टर किंवा भ्रूणावर काम करणारे असता कामा नयेत. उरलेल्या सदस्यांतही अशा लोकांची संख्या निम्म्यापेक्षा कमीच असली पाहिजे. जाणकार हवेतच, पण ज्यांच्या कामावर लक्ष ठेवायचे त्यांच्याच हाती लक्ष ठेवण्याचे काम नको.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंदवही. १९९१ पासून देशात झालेल्या प्रत्येक उपचाराची नोंद या प्राधिकरणाकडे आहे. १ एप्रिल २००५ नंतर दान केलेल्या बीजांडातून किंवा शुक्राणूतून जन्मलेले मूल १८ वर्षांचे झाले की दात्याची ओळख विचारू शकते. ही नोंदवही एखाद्या रुग्णालयाच्या कपाटात असती, तर रुग्णालय बंद पडताच ती नाहीशी झाली असती.

प्रदेशाच्या पैशावरची देखरेख

प्रादेशिक विकास मंडळांची गोष्ट वेगळी आहे. १९९८ च्या कायद्याने ती आली. १९९९ साली आठ आणि २००० साली लंडनचे एक, अशी इंग्लंडसाठी नऊ मंडळे झाली. कोळशाच्या खाणी आणि जहाजबांधणी बंद पडून ओस झालेल्या प्रदेशांत नवे उद्योग, कौशल्ये आणि संशोधन उभे करणे हे त्यांचे काम. २००७-०८ च्या सुमारास त्यांच्याकडे वर्षाला सुमारे २३० कोटी पौंड होते. सरकारने करून घेतलेल्या २००९ च्या एका मूल्यमापनात मंडळांनी घातलेल्या प्रत्येक पौंडामागे प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेत सुमारे साडेचार पौंडांची भर पडली, असा अंदाज आला.

त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. मंडळावरचे लोक मंत्र्यांनी नेमलेले असत, निवडून आलेले नसत. प्रदेशाची निवडलेली सभा त्यांच्यावर लक्ष ठेवील, अशी मूळ कल्पना होती. पण ४ नोव्हेंबर २००४ रोजी ईशान्य इंग्लंडमध्ये त्यासाठी मतदान झाले तेव्हा सुमारे ७८ टक्के लोकांनी ‘नको’ म्हटले. लोकांना आणखी एक पुढाऱ्यांची पातळी नको होती. त्यामुळे मंडळे लंडनच्या मर्जीवरच राहिली. जी संस्था मंत्र्यांनी नेमली, ती मंत्र्यांनी एका घोषणेत संपवली.

जिथे दोन्ही संस्था एकत्र आल्या

ईशान्य इंग्लंडमधले न्यूकॅसल हे शहर या गोष्टीच्या मध्यभागी आहे. कोळसा आणि जहाजे गेल्यावर या शहराने विज्ञानाकडे वळायचे ठरवले. २००० साली तिथे ‘सेंटर फॉर लाइफ’ सुरू झाले. त्यात विद्यापीठाचे संशोधक, वंध्यत्व उपचार केंद्र आणि विज्ञान संग्रहालय एकाच आवारात आले. ‘वन नॉर्थ ईस्ट’ या तिथल्या प्रादेशिक मंडळाने विद्यापीठ आणि नगरपालिका यांच्यासोबत बिअरच्या एका जुन्या कारखान्याची जागा विज्ञाननगरीसाठी विकत घेतली. मूलपेशी संशोधनालाही मंडळाने पैसा दिला.

पैसा प्रादेशिक मंडळाचा, परवाना भ्रूण प्राधिकरणाचा. २००४ साली याच शहरातल्या संशोधकांना मानवी भ्रूणाच्या क्लोनिंगच्या संशोधनाचा, म्हणजे मूल जन्माला घालण्यासाठी नव्हे तर मूलपेशींसाठी, परवाना मिळाला. २००५ साली मायटोकॉन्ड्रियावरच्या संशोधनाचा परवाना मिळाला. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतले ऊर्जाघर. त्यात स्वतःची ३७ जनुके असतात आणि ती फक्त आईकडून मुलाकडे जातात. ती बिघडलेली असली तर मुले स्नायू, मेंदू किंवा हृदयाच्या आजाराने लहानपणीच दगावू शकतात. आईच्या भ्रूणातले मुख्य जनुकद्रव्य काढून निरोगी दात्या स्त्रीच्या बीजांडात ठेवायचे, अशी ही पद्धत.

‘तीन पालकांचे मूल’ अशा बातम्या आल्या, चर्चने आक्षेप घेतले. प्राधिकरणाने घाई केली नाही. शास्त्रज्ञांची समिती बसवून तिच्याकडून पुनःपुन्हा आढावे घेतले. २०१२ साली लोकांची मते मागवली. हे सर्व चालू असताना प्राधिकरणाच्या स्वतःच्या गळ्यावर बंद होण्याची सुरी होती, हे विशेष. फेब्रुवारी २०१५ मध्ये संसदेत पक्षाचा आदेश न देता मतदान झाले. कनिष्ठ सभागृहात ३८२ विरुद्ध १२८. मार्च २०१७ मध्ये न्यूकॅसलच्या केंद्राला उपचाराचा परवाना मिळाला, तोही प्रत्येक स्त्रीसाठी वेगळी परवानगी घेण्याच्या अटीवर. जुलै २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या पद्धतीने सात स्त्रियांच्या पोटी आठ मुले जन्माला आली होती.

पहिल्या संशोधन परवान्यापासून या मुलांपर्यंत सुमारे २० वर्षे लागली. एवढा काळ एकच संस्था, एकच नोंदवही आणि तेच नियम टिकून होते, म्हणून हे होऊ शकले.

एक का वाचली, दुसरी का गेली

प्राधिकरणाची कामे दुसऱ्या दोन संस्थांना वाटून द्यावीत, असा सरकारचा विचार होता. २०१२ साली लोकांचे म्हणणे मागवले. उपचार घेणारी जोडपी, संशोधक, डॉक्टर आणि धर्माच्या वतीने बोलणारे असे अनेक लोक पुढे आले. बहुतेकांनी ‘मोडू नका’ असे सांगितले. जानेवारी २०१३ मध्ये सरकारने माघार घेतली. प्राधिकरणाचा बराचसा खर्च परवान्यांच्या शुल्कातून निघत होता, त्यामुळे बंद करून वाचणारे पैसेही थोडेच होते.

प्रादेशिक मंडळांसाठी असे कोणी उठले नाही. त्यांच्या निधीवर अवलंबून असलेली माणसे विखुरलेली होती. बंद पडलेल्या खाणीजवळच्या गावातला बेरोजगार तरुण, छोटा कारखानदार, कौशल्याचा वर्ग चालवणारी संस्था यांना वृत्तपत्रात जागा नव्हती. कामही संपले नाही. फक्त ते मंत्र्यांच्या टेबलावर गेले.

मंडळांच्या जागी १४० कोटी पौंडांचा प्रादेशिक वाढ निधी आणला गेला. कोणाला द्यायचा हे मंत्री ठरवणार होते. सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने सांगितले की त्यातले केवळ ६ कोटी पौंड प्रत्यक्ष कामांपर्यंत पोचले होते. नंतर २०१९ साली ३६० कोटी पौंडांचा शहर निधी आला. अधिकाऱ्यांनी ५४१ गावे-शहरे गरजेनुसार क्रमाने लावून दिली. पहिली ४० सरळ घेतली गेली. उरलेली ६१ मंत्र्यांनी खालच्या क्रमांकांतून निवडली. एका मंत्र्याच्या मतदारसंघातले गाव दुसऱ्याने मंजूर केले आणि दुसऱ्याचे पहिल्याने. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये लोकलेखा समितीने या निवडीला निःपक्ष मानायला नकार दिला.

मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे एक साधा नियम आहे. ज्याने कोड लिहिला त्याने तो स्वतः मंजूर करायचा नाही. दुसऱ्याने वाचायचा, मग तो चालू प्रणालीत जायचा. लिहिणारा बेइमान असतो म्हणून हा नियम नाही, तर आपलेच काम आपल्याला नीट दिसत नाही म्हणून आहे. दुसरा नियम असा की कोणी काय बदलले याची नोंद पुसता येता कामा नये. आणि तिसरा, एखादी जुनी प्रणाली बंद करण्याआधी तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे ते शोधायचे. बंद केल्यावर आरडाओरडा झाला नाही म्हणजे कोणी अवलंबून नव्हते, असे होत नाही. ज्यांना तक्रार कुठे करायची हे माहीत नसते, ते गप्पच असतात.

हे तीन नियम घेऊन आता महाराष्ट्राकडे पाहू.

आपल्याकडचे भ्रूण

भारताने देखरेखीची वाईट बाजू फार लवकर पाहिली. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, लुईस ब्राउननंतर अवघ्या ७० दिवसांनी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. पश्चिम बंगाल सरकारने समिती नेमली. तिचे प्रमुख या शास्त्रातले नव्हते. समितीने दावा फेटाळला. डॉक्टरांची बदली डोळ्यांच्या विभागात झाली. परदेशी परिषदेला जायची परवानगी नाकारली गेली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नाने हर्षाचा जन्म झाला आणि देशातले पहिले बाळ म्हणून तिची नोंद झाली. त्याच आनंद कुमार यांनी १९९७ साली मुखोपाध्याय यांच्या वह्या वाचून पहिलेपणाचा मान आपला नव्हे, त्यांचा आहे, असे जाहीर केले. सरकारच्या मर्जीतली समिती काय करू शकते, याचे यापेक्षा दुःखद उदाहरण मला माहीत नाही.

त्यानंतर अनेक वर्षे देशात केंद्रे वाढत गेली आणि देखरेख फक्त मार्गदर्शक सूचनांची राहिली. सूचना मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. २०२२ साली तामिळनाडूत इरोडच्या एका १६ वर्षांच्या मुलीची बीजांडे खोट्या कागदांवर पुनःपुन्हा विकली गेल्याचे उघड झाले. बीजांड विकायला जाणारी मुलगी कोणत्या घरातली असते, हे सांगायला नको.

नव्या कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत. केंद्रांची नोंदणी सक्तीची आहे, राष्ट्रीय नोंदणी पुस्तक आहे. स्त्रीने आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त सात बीजांडे द्यायची आहेत. साठवलेले भ्रूण १० वर्षांनंतर नष्ट करायचे, किंवा जोडप्याची संमती असेल तर नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्याकडेही संशोधनाची मर्यादा १४ दिवसांचीच आहे.

पण राष्ट्रीय मंडळाचे अध्यक्ष कोण? केंद्रीय आरोग्यमंत्री. राज्य मंडळाचे? राज्याचे आरोग्यमंत्री. मंडळावर महिला खासदार आहेत, समाजशास्त्रज्ञ आहेत, महिला संघटनांचे प्रतिनिधी आहेत. हे सदस्य तज्ज्ञ असले तरी त्यांना नेमणारे सरकार, बैठक बोलावणारे सरकार आणि अध्यक्षही सरकार. ज्या खात्याची सरकारी रुग्णालयेही तपासायची आहेत, त्याच खात्याचा मंत्री तपासनीस. उद्या एखादे मोठे केंद्र सत्ताधारी पक्षाच्या पुढाऱ्याचे निघाले तर काय होईल?

माझ्या नात्यातल्या एका आपाने मराठवाड्यातल्या एका शहरात हा उपचार घेतला. मूल झाले, घरात ईद झाली. उरलेल्या भ्रूणांचे काय करायचे याचा फॉर्म तिने सह्यांच्या गठ्ठ्यात सही करून दिला होता. तो इंग्रजीत होता. तिला तो कोणी वाचून दाखवला नव्हता. ती दहावी झाली आहे, मराठी आणि उर्दू दोन्ही वाचते. तिला आजही माहीत नाही की तिने संमती दिली की नाही. राज्य मंडळाकडे जायचा रस्ताही तिला माहीत नाही. कायद्यातला ‘संमती’ हा शब्द तिच्यापर्यंत पोचलेलाच नाही.

बीडचा आकडा

भ्रूणावरची देखरेख आणि प्रदेशाचा निधी हे दोन विषय न्यूकॅसलमध्ये एकत्र आले. आपल्याकडे ते बीडमध्ये एकत्र येतात, पण उलट्या बाजूने.

गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. १९९४ साली केंद्राने केला आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भाशयात ठेवण्यापूर्वीच्या भ्रूणाची लिंगनिवडही गुन्हा ठरली. तरीही २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात राज्यात १,००० मुलांमागे ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. दहा वर्षांपूर्वी बीडचा आकडा ८९४ होता. २०१२ साली परळीत गर्भपाताच्या वेळी एका महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा कुठे यंत्रणा खडबडून जागी झाली.

बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. सिंचन नाही, उद्योग नाही, म्हणून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन निघतात. हुंडा, स्थलांतर, रात्रीची असुरक्षितता या सगळ्यांत मुलगी ओझे वाटू लागते. कायदा डॉक्टरला धरू शकतो, पण ओझे हलके करणे हे विकासाचे काम आहे. तिथे दुसऱ्या देखरेखीचा प्रश्न येतो.

राज्यघटनेच्या कलम ३७१(२) नुसार महाराष्ट्रात तीन प्रादेशिक मंडळे नेमण्याची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. ही तरतूद १९५६ ची. मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले. मधल्या काळात, १९८४ साली, दांडेकर समितीने राज्याचा विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला होता. १९९४ च्या स्थितीवर दुसऱ्या समितीने मोजला तेव्हा तो सुमारे १४,००७ कोटी निघाला. निकष आणि किमती बदलल्या हे धरले तरी, ज्या दहा वर्षांत कोणी मोजत नव्हते त्या वर्षांत दरी भरली नाही, हे स्पष्ट आहे. मंडळे आल्यावर २००१ च्या सुमारापासून राज्यपाल दरवर्षी वाटपाचे निर्देश देऊ लागले.

मंडळांनी चमत्कार केला नाही. निधी दिला तरी खर्च होत नव्हता, झाला तर कुठे झाला हे कळत नव्हते. पण दरवर्षी एक आकडा समोर येत होता आणि मराठवाड्याचा आमदार तो घेऊन सभागृहात उभा राहू शकत होता. ३० एप्रिल २०२० नंतर तो आधार गेला. कोरोनाचे दिवस होते, कोणाचे लक्ष नव्हते. पुढच्या वर्षी तर मंडळांची मुदतवाढ आणि राज्यपालनियुक्त १२ आमदारांची यादी यांचा संबंध खुद्द विधानसभेत जोडला गेला. म्हणजे परभणीच्या पाण्याचा हिशेब १२ आमदारक्यांच्या बदल्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या सरकारने मंडळे पुन्हा आणण्याचा ठराव केला. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, मुदतवाढीची पेन्सिल हातात असली की तिचा वापर होतोच.

आपल्या समाजाला याचा अनुभव वेगळाही आहे. सच्चर समितीनंतर २००८-०९ मध्ये अल्पसंख्याकबहुल ९० जिल्ह्यांसाठी केंद्राची योजना आली. महाराष्ट्रातले परभणी, हिंगोली, वाशिम आणि बुलडाणा त्यात होते. जिल्हा हे एकक धरल्यामुळे पैसा जिल्ह्यात यायचा, पण ज्या मोहल्ल्यासाठी आला तिथे पोचेलच असे नव्हते. पुढे योजना तालुका आणि शहर पातळीवर आणावी लागली. निधीचे नाव आपले असून भागत नाही. तो कोणत्या गल्लीत उतरला हे मोजणारे कोणी लागते.

श्रद्धा आणि कायदा

भ्रूणाचा विषय निघाला की आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, दीन काय सांगतो? अनेक पारंपरिक फकीहांनी गर्भात रूह १२० व्या दिवशी येते असे मानले, काहींनी ४० व्या. कॅथलिक चर्च पहिल्या क्षणापासून जीव मानते. जैन शेजाऱ्याचे उत्तर आणखी वेगळे असेल. या मतांत कोण बरोबर हे सरकारने ठरवू नये. पण एकाच देशात राहायचे तर सगळ्यांना पाळता येईल अशी एक रेघ लागते, आणि ती मोजणारी संस्था कोणत्याही एका गटाची नसावी लागते. सरकारही त्यात एक गटच असते. जनतेचा पैसा आणि जनतेचे शरीर या दोन्ही अमानती आहेत. अमानत सांभाळणाऱ्याने स्वतःचा हिशेब स्वतःच तपासायचा नसतो.

मागायचे काय

भ्रूणाच्या बाबतीत तीन मागण्या. राष्ट्रीय आणि राज्य मंडळांच्या अध्यक्षपदी मंत्री नको, तसाच या धंद्यात हितसंबंध असलेला डॉक्टरही नको. बैठकांचे इतिवृत्त, नोंदणी रद्द झालेली केंद्रे आणि संशोधनासाठी दिलेल्या भ्रूणांची संख्या दर सहा महिन्यांनी संकेतस्थळावर यावी, नावे झाकून. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असावे, महाराष्ट्रात मराठी, उर्दू आणि हिंदीत, आणि भ्रूणांविषयीची सही वेगळ्या दिवशी, वाचून दाखवून घ्यावी.

प्रदेशाच्या बाबतीत दोन. मंडळे पाच-पाच वर्षांच्या मुदतवाढीवर न ठेवता कायम असावीत आणि त्यांवर नेमणुका करताना गेलेल्या पुढाऱ्यांची सोय न पाहता जिल्ह्यातले शेतकरी, मजूर, महिला आणि अल्पसंख्याक समाजाचे लोक असावेत. प्रत्येक कामाचा पैसा गाव आणि वॉर्डापर्यंत नकाशावर दिसावा. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. माझ्या क्षेत्रातली चार माणसांची टोळी काही महिन्यांत असा नकाशा उभा करील. अडचण माहिती देण्याच्या इच्छेची आहे.

सरकार हे आपणहून करणार नाही. पण नागरिकांच्या हाती काही साधने आजही आहेत. गर्भलिंग निवडीच्या कायद्यात कलम २८ आहे. समुचित प्राधिकाऱ्याला १५ दिवसांची नोटीस देऊन त्याने काही केले नाही, तर सामान्य माणूस किंवा संस्था थेट न्यायालयात तक्रार करू शकते. माहितीचा अधिकार आहे. आपल्या जिल्ह्याच्या सल्लागार समितीची बैठक शेवटची कधी झाली, तिला कोण हजर होते, एवढाच अर्ज दहा रुपयांत करता येतो. चळवळीच्या प्रत्येक जिल्हा शाखेने या महिन्यात असा एक अर्ज करावा, अशी माझी विनंती आहे. उत्तर आले तर छापू. नाही आले तर तेही छापू.

ब्रिटनमध्ये भ्रूण प्राधिकरण वाचले, कारण त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे बोलली. प्रादेशिक मंडळे गेली, कारण त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. मराठवाड्याची मंडळे २०२० साली गेली तेव्हा आपणही गप्प होतो. पुढच्या वेळी बोलायचे असेल तर आतापासून नोंद ठेवायला लागू.